तुलनेची बाटली

"पडदा नीट ओढ," डॉ. अनाने म्हणाले, आणि शाळेच्या त्या वर्गात भर दुपारी अंधार झाला.

जांभळ्या दिव्याखाली ओढ्याची बाटली हिरवीगार उजळली. ती उजळणारच होती. बंद खाणीतलं विषारी पाणी कुठं जातं ते शोधायला पीएच.डी.ची ही मुलं इथं शिकायला आली होती, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी डोंगरापलीकडं खाणीच्या तोंडात या दिव्याखाली चमकणारा रंग ओतला होता. मग सरांनी तुलनेची बाटली धरली. स्वच्छ पाणी कसं दिसतं ते कळावं म्हणून ठेवलेली. या मुलांतल्याच कोनामाच्या आईच्या विहिरीची. डोंगराच्या अलीकडं खाणीचा थेंब येत नाही, असं कोनामानंच छातीठोकपणे सांगितलं होतं.

तीही हिरवी झाली.

"ज्यानं रंग ओतला त्यानं बाटली भरायची नाही, हे किती वेळा सांगायचं?" सर चिडले.

"चुकलं सर. माझ्याच हातांना लागला असणार," कोनामा घाईघाईनं म्हणाली.

"चूक कबूल करताना एवढी खूश?" शेजारचा इसाहाकू हसला. "ताप आलाय का तुला?"

हात घासून धुतले होते, हे ती बोलली नाही.

रंगाला न शिवलेला इसाहाकू नवी बाटली घेऊन तिच्याबरोबर निघाला. अंगणात आई पानांत उकडलेले मक्याचे गोळे, केंके, सोलत बसली होती.

"पुन्हा पाणी? शहरातले नळ आटले की काय? आणि हा काडीपैलवान कुठला? उत्तरेकडचा? बस रे, आधी खा."

इसाहाकूनं विहिरीतून बाटली भरली. स्वयंपाकघराचं दार लोटून त्यानं जांभळा दिवा लावला. बाटली उजळली. कोपऱ्यातला पाण्याचा माठ आतून उजळला. मागून आई आली. नुकतंच पाणी प्यायलेली तिची ओली हनुवटी अंधारात हिरवी दिसत होती.

"आई, हे पाणी पिऊ नकोस. रंगानं काही होत नाही, पण तो खाणीतून आलाय."

आईनं मागं वळून विहिरीकडं पाहिलं. कोनामाचे वडील त्याच खाणीत उतरले होते. बोगदा कोसळला, वर कुणालाच आणलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी विहिरीचं पहिलं पाणी आई त्यांच्या नावानं उंबऱ्यावर ओतायची.

"म्हणजे तिथून इथवर वाट आहे तर," ती म्हणाली. "विहिरीत ठोकल्यासारखं होतं असं मी म्हणायचे, तर तू म्हणायचीस, खडक आहे."

"आई, विष आहे ते! इतकी वर्षं पितेस तू."

"कळलं गं. बहिरी नाही मी."

तिनं माठ उचलला. उंबऱ्यावर थांबली नाही. विहिरीशी जाऊन, वाकून, सगळं पाणी हळूहळू आत सोडलं.

"घे," ती खाली बघून नवऱ्याला म्हणाली. "आता नको पाठवूस."

पाणी पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मग खालून ठक् झालं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

"खडक असेल," इसाहाकू पुटपुटला.

कोनामा काठावरून खाली वाकली. आईनं दोर गुंडाळला, बादली काठावर पालथी घातली आणि अंगावरच्या कापडाच्या टोकानं हनुवटी पुसली.