थेल्माचा बुधवार

कौन्सिलमधली मुलगी फोनवर फार गोड बोलत होती, आणि थेल्मा ऑक्स्टबीला गोड बोलणाऱ्यांचा मनापासून राग यायचा.

"सरळ सांगू का, मिसेस ऑक्स्टबी? मी तुमच्या जागी असते तर बुधवार सोडून दिला असता. शुक्रवार-शनिवारचं चालू द्या. पण बुधवारचा पगार वाढला की भाड्याची मदत खाली येते, घरपट्टीतली सूटही कमी होते. तुमच्या हातात राहणार पौंडामागे पंधरा पेन्स. सोडलात तर तुमचं फारसं काही जाणार नाही."

"माझं काय जाईल ते तुला गं काय ठाऊक?" थेल्मा म्हणाली आणि तिने फोन आपटला. मग वाटलं, त्या पोरीचा काय दोष, नियम काय तिने केलेत? तरी राग कुठेतरी काढायलाच हवा होता. तो केटलीवर निघाला.

थेल्मा सत्तरीची. गुडघे कुरकुरायचे, पण मनगट अजून शाबूत. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गार्बटचं मासे-चिप्सचं, म्हणजे तळलेल्या मासे-बटाट्यांचं दुकान आहे, तिथे ती मासे तळायची. हॅडॉक मासा पिठात बुडवायचा, शेपटीला धरून कढईत अलगद, आपल्या अंगापासून लांबच्या बाजूला सोडायचा. हे सांगायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

हिवाळ्यात दुकानाच्या मालकाने, क्रेग गार्बटने, बुधवारी दुपारी म्हाताऱ्यांसाठी स्वस्तातलं जेवण सुरू केलं आणि ते थेल्माकडे सोपवलं. त्या बुधवारांनी बाईला पालवी फुटली, खोटं कशाला बोलू! गावातली सगळी म्हातारी मंडळी यायची. कोणाला वाटाणे नकोत, कोणाला कढईतला पिठाचा कुरकुरीत चुरा वरून हवा, कोणाच्या कवळीला कडक मासा झेपत नाही, ते सगळं तिला पाठ. आठवडाभर ज्यांच्याशी कोणी बोललेलं नसायचं ती माणसं काउंटरला टेकून बोलत उभी राहायची. आणि आता म्हणे हा बुधवार सोडा.

खालच्या मजल्यावरची एव्हरिल जिन्यातच भेटली. ती सुट्टीवाल्यांच्या कॅरव्हॅन झाडायची. पैसे रोख घ्यायची आणि कौन्सिलला अवाक्षर कळू द्यायची नाही.

"तू कळवलंसच का त्यांना?" एव्हरिल म्हणाली. "कोणी विचारलं होतं तुला?"

"कळवायचं असतं म्हणून कळवलं."

"अगं बावळट आहेस का? क्रेगकडून हातावर घे ना! अख्खं गाव घेतंय. माझं कधी काही अडलंय?"

"अख्ख्या गावाचं मला नको सांगूस. असं एकदा ऐकून बसलेय."

ते ऐकणं पन्नास वर्षांपूर्वीचं होतं. थेल्मा तेव्हा मासे साफ करायच्या कारखान्यात होती. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात पगाराच्या कारकुनाने विचारलं, आता छोटा स्टँप ना? म्हणजे असं, की लग्न झालेल्या बाईने पेन्शनसाठी अगदी थोडं कापून घ्यायचं, बाकीचं घरी न्यायचं आणि म्हातारपणी नवऱ्याच्या पेन्शनवर जगायचं. सगळ्या पोरींनी सही केली. नवरा, क्लिफर्ड, म्हणाला, कर की, तेवढीच नवी चादर येईल. थेल्माने केली. चादर केव्हाच विरली. कारखाना बंद पडल्यावर ती गार्बटकडे लागली. क्रेगच्या बापाने वीस वर्षं पैसे हातावर दिले, तेसुद्धा तिच्याच भल्यासाठी! सगळे मेले हिचं भलं करायलाच टपलेले. आता क्लिफर्ड जाऊन नऊ वर्षं झाली आणि पेन्शन येते ती त्याच्या नावाच्या जोरावर. इतकी वर्षं ही बाई बर्फात आणि वाफेत उभी राहिली, सरकारच्या हिशेबी ती जणू घरी झोपा काढत होती.

पासष्टीनंतर क्रेगने तिचं नाव पहिल्यांदा पगाराच्या चिठ्ठीवर छापलं. त्या दिवशी थेल्मा ती चिठ्ठी पर्समध्ये घालून उगाच सगळ्या गावातून हिंडून आली होती.

त्याच क्रेगने गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिला मागच्या खोलीत बोलावलं.

"थेल आंटी, ऐक. बुधवारचं मी तुला गल्ल्यातून हातावर देत जाईन. चिठ्ठीवर फक्त शुक्रवार-शनिवार. तू खूश, मी खूश."

"नको."

"अगं, कौन्सिल सगळं गिळतंय! तू सबंध दुपार राबणार आणि घरी नेणार काय, एका माशाचे पैसे?"

"एका माशाचे तर एका माशाचे. पण माझ्या नावावर."

"नावाला काय चाटायचंय?" क्रेग वैतागला. पोरगा वाईट नाही, पण बापाचा हट्ट पुरेपूर उतरलाय. "हे बघ, फुकट राबवून घेतल्याचं पाप मला नको. हातावर घेत नसशील तर बुधवारी डोना तळेल. संपला विषय."

डोना म्हणजे त्याची बायको. बिचारी काउंटर उत्तम सांभाळायची, पण कढईला भ्यायची.

थेल्माने पर्स उचलली आणि ती घरी गेली. ती वाद न घालता निघाली की घाबरावं, हे क्रेगच्या बापाला माहीत होतं. क्रेगला नव्हतं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे एरवी माशाला न शिवणारेसुद्धा मासा खातात. वर्षभराची कमाई एका दिवसात होते म्हणा ना. अकराला दार उघडलं आणि बाराच्या सुमाराला रांग कोपरा वळून पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. थेल्मा चारही कढया एकटीने सांभाळत होती. एक घाणा काढला, निथळायला ठेवला आणि मागे वळून तिने विचारलं, "क्रेग, बुधवारचं काय?"

"आत्ता? आत्ता विचारतेस?"

"आत्ताच."

"सांगितलं ना, डोना करेल!"

"मग आजपासूनच करू दे," थेल्मा म्हणाली. तिने ॲप्रन काढला, नीट घडी घालून काउंटरवर ठेवला आणि कोट चढवून बाहेर पडली. घरी नाही गेली. रांगेच्या शेवटी जाऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

लोकांनी विचारलं, अगं थेल्मा, तू इथे कशी? तिने सांगितलं, चांगलं खणखणीत आवाजात, बुधवारसकट आणि छोट्या स्टँपसकट. चार माणसं पुढे एव्हरिल होती. ती मागे येऊन कुजबुजली, "हळू बोल ना! कौन्सिलचं कोणीतरी असेल इथे!"

"असू दे की! त्यांनाही भूक लागतेच. मी काय चोरी केलीय? उजेडात काम मागतेय."

पुढच्या तीन-चार वयस्कर बायका मान डोलवायला लागल्या. त्यांनीही त्याच सह्या केल्या होत्या.

आत क्रेगने डोनाला बाजूला सारून झारा स्वतः हातात घेतला. पहिल्या घाण्याचं पीठ एकीकडे आणि मासा दुसरीकडे. दुसऱ्यात सहा मासे एकमेकांना मिठी मारून वर आले. वास बाहेरपर्यंत आला तेव्हा रांगेतून कोणीतरी ओरडलं, "थेल्मा तळत नसेल तर आम्ही निघालो वूलकॉटच्या दुकानाकडे!" आणि पाच-सहा जण खरंच निघाले.

क्रेग झारा घेऊनच बाहेर आला. तोंड लालबुंद, भुवयांवर पीठ.

"काय हवंय तुला?"

"बुधवार. पगाराच्या चिठ्ठीवर."

"त्यातून तुझ्या पदरात काही पडणार नाहीये, आंटी! कसं सांगू तुला?"

"माझ्या पदराची काळजी तुझा बापही फार करायचा रे. त्याच काळजीपायी आज मी भाड्यासाठी कौन्सिलच्या दारात उभी आहे. आता पुरे."

क्रेगने रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याकडे पाहत होती.

"दिला. चल आता, पाया पडतो."

"आणि फळ्यावर."

दुकानात एक फळा असतो. आजचा मासा कुठला, आजचे बटाटे कुठल्या शेतातले, ते त्यावर लिहितात. बटाट्यांचा पत्ता रोज लिहायचे, तळणारणीचं नाव आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. क्रेगने खडू घेतला आणि लिहिलं, 'तळणारी: थेल्मा'.

"आडनाव काय पाण्यात पडलं?"

त्याने आडनावही लिहिलं. मग थेल्माने ॲप्रन बांधला.

पुढच्या बुधवारी दोनला काम संपल्यावर ती काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला आली आणि एका मासे-चिप्सचे पैसे डोनापुढे ठेवले.

"वेडी आहेस का? कामाच्या माणसाला फुकट असतं."

"घे म्हणते ना."

खिडकीपाशी एव्हरिल आधीच जेवत बसली होती. थेल्मा बशी घेऊन तिच्यासमोर टेकली.

"आजच्या दुपारचं एवढंच उरणार ना तुला?" एव्हरिलने बशीकडे बोट दाखवलं. "एवढ्यासाठी हा सगळा तमाशा?"

"एवढ्यासाठीच."

"तुझं डोकं फिरलंय, थेल."

"फिरू दे. घर कौन्सिलचं आहे. पेन्शन क्लिफर्डची आहे," थेल्मा म्हणाली आणि तिने माशाचा तुकडा मोडला. "हा मासा माझा आहे."

तिने त्यावर व्हिनेगर ओतलं आणि शेपटीपर्यंत सगळा खाल्ला. एव्हरिलला एक चिपसुद्धा दिली नाही.