मेजरचा नारळ आणि जावयाची चिंबोरी

जेवताना ताटाशेजारी मोबाईल मांडून बसणारा माणूस माझ्या डोक्यात जातो, आणि तो माणूस माझाच जावई आहे. दुसरं कोणी असतं तर मी तो मोबाईल कालवणात बुडवला असता. पण विनोदराव जावई पडले. जावयाला टाकून बोलायची आमच्यात रीत नाही. त्याला अहोजाहो करायचं, पहिला तुकडा त्याच्या ताटात वाढायचा, आणि तो चुकला की आपल्याच मुलीकडे डोळे वटारून बघायचं. लग्न झाल्यापासून माझी तेजल माझे वटारलेले डोळे झेलते आहे.

विनोदराव बोईसरला कंपनीत कामाला. त्यांना सगळं मोबाईलात दिसतं. नवापूरला माझ्या दारात उभे राहतात, समोर समुद्र पसरलेला असतो, आणि भरती आहे की ओहोटी ते मोबाईलात बघून मला सांगतात.

या पावसात होड्या वर ओढल्या तेव्हा ठरलं की माझ्या होडीला नवीन मशीन घ्यायचं. जुनं मशीन आमच्या ह्यांनी बसवलेलं. ते गेले, मशीन मागे राहिलं. धूर ओकायचं, खोकायचं, पण होडी हाकणाऱ्या तांडेलाला कधी अर्ध्या वाटेत सोडलं नाही. नव्याचे पैसे बरेचसे जमले होते, कमी पडत होते तेवढे जुनं विकून उभे करायचे होते. जमलेले पैसे होते विनोदरावांच्या खात्यात. "मामी, माझ्या मोबाईलात सेफ राहतील," म्हणाले होते. जावयाला नाही कसं म्हणायचं? ते पैसे गेले असते तर नारळी पुनवेनंतर गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात आणि माझी वाळूवर, कुत्र्यांना सावलीला. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला कोणी हसणार नाही.

तर मला न विचारता विनोदरावांनी मशीनचा फोटो काढून मोबाईलातल्या बाजारात टाकला. फोटोत मशीनवर माझं लुगडं वाळत होतं. पहिल्या दोघा गिऱ्हाइकांनी लुगड्याची किंमत विचारली. तिसरा आला तो मेजर.

मेजर म्हणजे फौजेतला, हिंदी बोलणारा, कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर पहाऱ्याला. त्याला मशीन न बघताच आवडलं. भावही केला नाही.

"भाव करीत नाय?" मी विचारलं.

"फौजी माणूस हाय मामी, जबान एक."

"बर्फात मशीन कशाला लागतं त्याला?"

"तिथं तलाव हाय. त्यात बोट हाय."

मी जन्मभर मासे विकले. माझ्याशी भाव न करता कोणी पापलेट उचललं असतं तर मासा नासका आहे असं समजून मीच परत ओढून घेतला असता. पण बोलले नाही. फक्त रीत सांगितली. आमच्या घरात जाळं असो, मशीन असो, घेणाऱ्याने त्याला हात लावायचा, स्वतःच्या हाताने नारळ फोडायचा, आणि नारळाचं पाणी त्यावर पडलं पाहिजे. त्याच्याआधी पैसा घ्यायचा नाही. घेतला तर विकणाऱ्याचीही होडी रिकामी येते आणि घेणाऱ्याचीही.

विनोदरावांनी कपाळाला हात लावला. "मामी, माणूस पैसे देतोय आणि तुमी घेऊ नका म्हणता?"

"नारळ फुटल्यावर देऊ दे की. पैसा काय आंबतो?"

मेजरला कळवलं. मला वाटलं पळेल. पण तो नारळाला तयार झाला. शनिवारी त्याने व्हिडिओ लावला. टोपी फौजेची, मिशी अजून फुटायची होती, आणि बर्फाच्या डोंगरावर त्याच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. विनोदरावांनी त्याच्या वतीने मशीनला हात लावला, मोबाईल समोर धरला, मी हळदकुंकू लावलं. पोराने फरशीवर नारळ आपटला. नारळ नासका निघाला.

"अपशकुन झाला," मी म्हटलं. "दुसरा आण."

गेला बिचारा आणायला. डोंगरावर नारळाचं दुकान जवळच होतं म्हणायचं. दुसरा चांगला निघाला. पांढरंशुभ्र खोबरं बघून मलाही बरं वाटलं, म्हटलं, "खा रे पोरा, वाळलायस." त्याने खाल्लं.

"अब पेमेंट कर देता हूँ, माताजी."

"पाणी कुठाय?"

"कौनसा पानी?"

"नारळाचं. मशीनवर पडलं पायजे ना."

"माताजी, पानी वहाँ कैसे आएगा?"

"पैसा ज्या वाटेनं येतो म्हणतोस," मी म्हटलं, "त्याच वाटेनं पाणी धाड."

आणि मी मोबाईलखाली तांब्या धरला. विनोदराव तोंड फिरवून उभे राहिले. मेजरने टोपी सारखी केली. मग त्याचं नेटवर्क गेलं. माझा तांब्या मात्र तसाच धरलेला होता. पाणी येणार नाही, हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. पण एकदा धरलेला हात मी लगेच खाली घेत नाही.

रविवारी विनोदराव आणि तेजल जेवायला आले. जावई येणार म्हणून मी खाडीच्या चिंबोऱ्या आणल्या होत्या, अंगठ्याएवढ्या नांग्यांच्या. विनोदराव पाटावर बसले, ताटाशेजारी मोबाईल. आणि माझ्यापासून लपवल्यासारखं करून तेजलला म्हणाले, "मेजरनं कोड पाठवलाय. म्हणतो, म्हातारीला सांगू नका. हा उघडायचा, पिन टाकला की पैसे जमा."

मी वाटण ढवळत होते, पण कान तिकडेच. मोबाईलात ठिपक्याठिपक्यांचा चौकोन होता. तो त्यांनी उघडलाही. म्हणजे पाणी पडायच्या आधीच माझ्या घरात बसून पैसा घेणार होते. मेजर खरा की लबाड ते तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. रीत मोडत होती, मला तेवढं पुरे.

जावयाच्या हातातून मोबाईल हिसकावता येत नाही. पण जावयाच्या ताटात वाढता येतं, आणि सासू वाढते आहे तोवर जावयाने ताटावरून उठायचं नसतं. मी अख्खी चिंबोरी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मामी, एक मिनिट, पिन तेवढा..."

"गार झाली की कवटी सुटत नाय."

उजवा हात चिंबोरीत गेला. डावा मोबाईलकडे निघाला, तेवढ्यात मी त्यांच्या डाव्या हातात नांगी दिली. "दोन हातांनी मोडा जावईबापू, एकानं कोण मोडतं?" दोन्ही हातांना रस्सा. मोबाईल वाजला, मेजर. विनोदरावांनी कोपराने उचलायचा प्रयत्न केला. मग नाकाने. नाकाला मसाला लागला, शिंकले. मी दुसरी चिंबोरी वाढली.

"मामी, बस झालं."

"जावयानं बस म्हटलं आणि सासूनं ऐकलं, असं कुठं घडलंय?"

करंगळीने त्यांनी पिन टाकायला बघितलं. मोबाईलवर रश्श्याचं तेल पसरलेलं, आकडा काही उमटेना. शेवटी म्हणाले, "तेजल, तू टाक ग. मी आकडे सांगतो."

आता आली पंचाईत. तेजलला चिंबोरी वाढून उपयोग नव्हता. ती खातच नाही, तिच्या अंगावर पित्त उठतं. तिने मोबाईल घेतला, ओढणीने पुसला. पुसल्यावर अक्षरं दिसली, आणि ती वाचत बसली.

"अहो, यात आपण देतोय."

"नाय ग. ते तसंच लिहितात."

"मेजरचं नाव वर हाय, रक्कम खाली हाय, आणि मधी लिहिलंय 'द्या'. आणि रक्कम मशीनची नाय. आईनं नव्या मशीनसाठी जमवलेत, जवळजवळ तेवढी हाय."

"त्यानं खात्यात किती हाय विचारलं होतं," विनोदराव म्हणाले. "म्हणाला, फौजेचा नियम हाय."

"पैसे घ्यायला पिन लागत नाय. तुमचा पगार जमा होतो तवा तुमी कुठं पिन टाकता?"

विनोदरावांच्या हातातली नांगी ताटात पडली.

मोबाईल पुन्हा वाजला. तेजलने तो मोठ्या आवाजावर टाकून माझ्यापुढे धरला. मेजर ओरडत होता, लवकर पिन टाका, साहेब रागावतात. मी म्हटलं, "पोरा, तांब्या अजून रिकामाच हाय." मग तो माझ्या आईवरून बोलला. माझी आई किनाऱ्यावर लिलाव बोलायची आणि तिचं सगळं बोलणं मी तिच्याकडून शिकलेली. ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की शेजारची बुधी चुलीवरचा भात तसाच टाकून ऐकायला आली, आणि भात करपला तरी परत गेली नाही. शेवटी फोन मेजरनेच बंद केला. तेजलने लगेच सायबरवाल्या पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरवर तक्रार लिहवली. पैसे गेले नव्हते, तरी लिहवली.

मग पुढच्या रविवारी जुनं मशीन घ्यायला माहीमचा जानू आला, टेम्पो घेऊन. त्याने मशीन चालू करून बघितलं, धुरावरून नाक मुरडलं, गंजावर बोट फिरवलं, असा काही घासाघीस करत राहिला की मला माणसात आल्यासारखं वाटलं. भाव ठरला. मशीनला हात लावून त्याने नारळ फोडला, पाणी मशीनवर पडलं, थोडं माझ्या पायावर. मग त्याने मोबाईलातून तेजलच्या खात्यात पैसे धाडले आणि चित्र दाखवलं, झाले म्हणून. त्याचे लोक मशीनला दोर बांधू लागले.

"थांबा," विनोदराव म्हणाले. "चित्र खोटंबी असतं. खात्यात बघू दे आधी." आणि स्वतः तेजलच्या खात्यात बघितलं, दोनदा. पैसे आलेले होते. जानूला राग आला नाही. म्हणाला, मी असतो तर मीबी बघितलं असतं.

मशीन गेलं. त्याच्या जागी ओट्यावर तेलाचा काळा डाग राहिला, तो मी घासणार नाही.

त्या रात्री पंगतीला जानूही होता. विनोदराव येऊन बसले. सवयीने मोबाईल काढला, माझ्याकडे बघितलं, आणि हातातच धरून राहिले. तेव्हा मी त्यांच्या ताटात पहिली चिंबोरी वाढली आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जावईबापू, तुमच्या डोक्यानं माझी होडी बुडत होती, ती तुमच्या पोटानं वाचवली. आता पैसे तेजलकडे राहतील. तुमी येताना मोबाईल घरी ठेवा आणि भूक तेवढी घेऊन या."