परत आलेला पेला

ओलिंपियानं प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि कागद बेर्त्राँकडे सरकवला. वाक्य होतं : 'युरोपच्या उंबरठ्यावरून आलेला हा एक लाजरा आवाज.'

"मी लाजरी? उभ्या याश शहरात कुणालाही विचारून ये."

बेर्त्राँ हसला. पॅरिसच्या प्रकाशन संस्थेचा हा माणूस तिच्या प्रवासवर्णनाचा अनुवादक होता. रुमानियन सफाईनं बोलायचा. करारावर सही घ्यायला काल रात्रीच्या गाडीनं आला होता. एकाहत्तराव्या वर्षी तिचं पुस्तक पहिल्यांदा फ्रेंचमध्ये निघणार होतं, आणि यानंतर दुसरं कुणी विचारायला येणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. त्यालाही होतं, म्हणून तर तो इतका निवांत बसला होता.

"आणि बाई, सातवं प्रकरण गाळावं म्हणतो," तो म्हणाला. "तुम्ही पॅरिस बघून भारावता, ते वाचकांना आवडेल. पण तिथं तुम्ही आमचंच माप काढलंय."

"तुमचे लोक दोनशे वर्षं इथं येतायत. आमचा चिखल, आमच्या खानावळी, आमच्या बायकांचे डोळे, सगळं लिहून नेतात. त्यांना कुणी म्हणालं का, प्रकरण गाळा म्हणून?"

सातव्या प्रकरणात तसं फार काही नव्हतं. ती पॅरिसमध्ये असताना मृतांचा शनिवार आला, गेलेल्या माणसांच्या नावानं शेजाऱ्यांना खायला-प्यायला द्यायचा दिवस. गेलेल्या आईच्या नावानं तिनं नवा मातीचा पेला आणला, वाइननं भरला, सोबत गोल पाव घेतला, मेणबत्ती पेटवली आणि शेजारचं दार वाजवलं. शेजारणीनं हसत ते सगळं घेतलं. सकाळी पेला धुऊनपुसून दाराशी ठेवलेला, पावासकट. वर चिठ्ठी : आभारी आहे, पण आम्हाला कशाची गरज नाही. आईच्या नावाचा घास परत आला होता. ओलिंपियानं तो पाव जिन्यात बसून स्वतःच खाल्ला आणि रडली, ती रागानं. देणं या शहराला छान जमतं, घेणं जमत नाही, एवढंच तिनं लिहिलं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची वेतुरिया दार ढकलून आत आली. हातातल्या थाळीत चार पेले, पेल्यांच्या कानांना चेरीचे घोस अडकवलेले, प्रत्येकाशी पाव आणि पेटती मेणबत्ती. आज तोच शनिवार होता. बेर्त्राँला भेटीचा दिवस ओलिंपियानंच दिला होता, तो काही उगाच नव्हे.

"घे गं, माझ्या माणसाच्या नावानं," वेतुरिया तिला म्हणाली. ओलिंपियानं पेला घेतला, तशी ती बेर्त्राँकडे वळली. "हा कोण? असू दे. तूही घे, बाळा."

बेर्त्राँ अर्धवट उठला. "नको, नको, खरंच. हॉटेलात खाऊन आलोय मी."

वेतुरियाचा हात पुढे तसाच राहिला. मेण अंगठ्यावर ओघळलं, तरी तिनं तो मागे घेतला नाही.

"अगं, यानं माझं अख्खं पुस्तक भाषांतर केलंय," ओलिंपिया म्हणाली. "सातवं प्रकरण तर पाठ असेल याला."

बेर्त्राँचे कान लाल झाले. त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला. "आभारी..."

"आभार कसले? तुला कुठं दिलाय," वेतुरिया म्हणाली. "देव त्याला क्षमा करो म्हण, आणि पी."

तो तसं म्हणाला आणि प्यायला. वेतुरिया उरलेले दोन पेले घेऊन वरच्या मजल्यावर गेली.

ओलिंपियानं प्रस्तावनेचा कागद पालथा केला आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली.

"नवी लिही. याशला गेलो, एका म्हातारीनं मेलेल्या माणसाच्या नावानं प्यायला दिलं आणि मी नको म्हणालो, इथून सुरू कर. सातवं राहील. उंबरठा जाईल."

"संस्था ऐकणार नाही, बाई."

"मग करार उचल आणि नीघ. आमच्याकडेही लोकांना वाचता येतं."  

बेर्त्राँनं करार बाजूला सारला. मग पेन्सिल उचलून दोन ओळी लिहिल्या आणि थांबला.

"त्यांच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

तो कागद घेऊन जिन्याकडे गेला. वरून वेतुरिया नाव सांगत होती, तो परत म्हणून दाखवत होता, चुकत होता, ती पुन्हा सांगत होती. करार टेबलावर उघडा पडला होता. ओलिंपियानं सही केली नाही. तो पुढे काय लिहितो, ते तिला आधी वाचायचं होतं.