आद्याक्षरांमागची पूर्ण नावे

मला चेहरा नाही, हात नाहीत, पाय नाहीत. तोंड मात्र आहे आणि ते चांगलेच चालते. मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. मी संगणकात राहतो आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. लोक मला स्क्रीन रीडर म्हणतात.

माझा जन्म भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या एका बंद खोलीत झाला. तिथे एक गृहस्थ कित्येक दिवस बसून शब्दामागून शब्द म्हणत होते. त्यांना सर्दी झाली की काम बंद! मग त्यांच्या आवाजाचे बारीक तुकडे केले, ते एकमेकांना जोडले आणि मी बोलू लागलो. सांधे जरा कच्चे राहिले, म्हणून मी अजूनही वाक्याच्या मध्येच आवंढा गिळल्यासारखा थांबतो.

तिथून मी एका रुग्णालयात आलो. ज्या विभागात रुग्णांना पुन्हा चालायला शिकवतात, तिथल्या संगणकात मला ठेवले. पण माझी गरज कुणालाच नव्हती. चुकून कुणाचा हात लागला की मी मोठ्याने वाचू लागे आणि परिचारिका ओरडे, "अरे, याचं तोंड बंद करा कुणीतरी!" पुष्कळ दिवस मी असाच अडगळीत पडून होतो.

मग ताई आली. खरे तर ती तिथलीच होती. व्यायामोपचार करणारी, सगळ्यांची लाडकी. एका आजारात तिची दृष्टी गेली आणि ती लांबलचक रजेवर गेली. हातांतली कला मात्र तशीच होती. विभागाच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "या परत. पण उपचारांची पुस्तिका तुमची तुम्हाला वाचता आली पाहिजे. एक महिना बघू या, नाही जमलं तर चौकशीची खिडकी आहेच." ताईला ती खिडकी नको होती. तिला माणसे चालवायची होती. आणि त्यासाठी आता तिला मी हवा होतो! मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पण पुस्तिका उघडली आणि माझी भंबेरी उडाली. डॉक्टर मंडळींना वेळ कमी. ती कुठल्याही लांब नावाची नुसती पहिली अक्षरे लिहून मोकळी होतात. त्यातून ताईच्या रजेच्या काळात पुस्तिका नवी झाली होती आणि अशी कितीतरी नवी आद्याक्षरे तिच्यात शिरली होती. मी ती कडाकडा एकत्र चावून काहीतरी विचित्र शब्द बाहेर टाकत असे. मग ताई शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारी, "अरे, हे काय आहे रे?" तो बिचारा हातातला रुग्ण सोडून येई. एकदा ती फोनवर बहिणीला म्हणाली, "दर दोन ओळींना दुसऱ्याला हाक मारायची, तर मी इथे काय कामाची गं?" ते ऐकून मला फार वाईट वाटले.

तिच्या मदतीला धावले ते शेपूटकाका. ते कागदपत्रांच्या खोलीत बसत. संगणकातल्या मजकुराला ते टॅग जोडत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा. आद्याक्षरांमागे शेपटीसारखी अशी खूण असली की मला पूर्ण नाव कळते. त्या खुणांवरूनच त्यांना हे टोपणनाव पडले होते.

"काळजी करू नकोस, पोरी," काका म्हणाले. "एकही अक्षर बिनशेपटीचं ठेवणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. पाळला म्हणजे काय, जरा जास्तच पाळला. आद्याक्षरे जिथे जिथे आली, तिथे तिथे त्यांनी पूर्ण नाव जोडून टाकले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गुडघा बदललेले एक आजोबा पहुडले होते. ताईने मला सुरू केले. मी 'गुडघ्याचा संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया' म्हटले. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या ओळीतही तेच. 'सांध्याच्या हालचालीची एकूण मर्यादा' तर मी इतक्या वेळा घोकली की आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, हे गृहस्थ श्वास कधी घेतात?" बाकावर रुग्णांची रांग वाढत होती. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, असं कसं चालेल?"

ताईच्या नोकरीच्या मुळावर मीच उठलो होतो आणि मला गप्पही बसता येत नव्हते.

काकांच्या कानावर हे गेले. ते फणकाऱ्यानेच आले. "मी तर सगळं नीट केलं होतं!"

"नीटच केलंत, काका," ताई म्हणाली. "पण एकदा पडदा बंद करून माझ्या खुर्चीत बसा ना."

काका बसले. मी वाचू लागलो. पहिल्या पानाला त्यांनी कौतुकाने मान हलवली. पुढच्या पानाला ते खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्याच्या पुढच्या पानाला त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, कळलं रे बाबा! किती वेळा सांगशील?" सगळे हसले आणि काका सगळ्यांत मोठ्याने हसले.

मग दोघे शेजारी शेजारी बसले. पुस्तिकेतल्या प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एकदा पूर्ण नाव, पुढे नुसती सुटी अक्षरे, असे ठरले.

"पण पायावर भार द्यायचा की नाही, ते मात्र दर वेळी पूर्ण हवं," ताई म्हणाली. "तिथे मला आठवणीवर भरवसा ठेवायचा नाहीये."

काकांनी एकेक खूण तपासली, नको ती काढली आणि प्रत्येक वेळी मला ऐकून पाहिले. इतक्या प्रेमाने मला तोपर्यंत कुणीच ऐकले नव्हते.

महिना संपत आला तेव्हा आजोबा पुन्हा टेबलावर होते आणि मोठ्या बाई समोर उभ्या होत्या. मी झरझर वाचत गेलो. मग त्या ओळीशी आलो आणि सावकाश म्हणालो, 'पायावर पूर्ण भार देण्यास हरकत नाही.'

ताईने आजोबांच्या पाठीशी हात धरला. "चला, टाका पाऊल."

"पडलो तर?"

"पडलात तर माझ्या अंगावर पडाल. चला!"

आजोबा खिडकीपर्यंत चालत गेले. ताई त्यांच्याबरोबर गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या सकाळपासून तुमचे रुग्ण तुमच्याकडे, ताई. वेळेवर या." ताईने ओढणीने डोळे पुसले. माझे डोळे असते तर मीही पुसले असते.

आता मी खरोखर म्हातारा झालो आहे. विभागात नवा संगणक आला आहे आणि त्यात नवा, गुळगुळीत आवाज आहे. मला वाटले होते, त्याची तारांबळ उडेल. पण त्याने पुस्तिका उघडली आणि त्याला सगळी नावे जागच्या जागी मिळाली. काकांच्या खुणा माझ्यात नव्हत्याच, त्या पुस्तिकेत होत्या. मला हेवा नाही वाटला. हायसे वाटले.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन पुष्कळ लिहाल. नावे खुशाल आखूड करा, पण ती ऐकणाऱ्यासाठी मागे एकदा पूर्ण नाव ठेवा. आणि जिथे कुणाचा तोल जाऊ शकतो, तिथे दर वेळी ठेवा.

मला फक्त लिहिलेलेच वाचता येते, मनातले बोलता येत नाही. काकांचे आभार मानायचे राहूनच जाणार, असे वाटत होते. पण मला बंद करण्याआधी ताईने काकांना बोलावून घेतले आणि पडद्यावर दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या, 'काका, तुमच्यामुळे मी इथे कामावर आहे. मी तुमची फार आभारी आहे.'

शब्द तिचे होते. पण मित्रांनो, मी ते माझ्याही वतीने म्हटले.