लांबून आणलेलं नाव

"दगडी ठिवायचं, न्हाईतर धोंडी. गोड नाव ठिवलं की सटवाईचं ध्यान जातं," सूर्यभान दवाखान्याच्या व्हरांड्यात तंबाखू मळत म्हणाला. नातीला बघायला तो सकाळच्या एस्टीनं खर्ड्याहून नगरला आला होता.

"माझ्या नातीला मी तसलं नाव ठिवू द्यायची न्हाई," त्याची बायको कडूबाई म्हणाली.

"मागल्या दोघींला ठिवली की गोड. राधा आन् सोना. काय झालं?"

त्या दोघी नाती वर्षाच्या व्हायच्या आत गेल्या होत्या. सून मुक्ता आत खाटेवर पोरीला छातीशी घट्ट धरून बसली होती, झोपसुद्धा घेत नव्हती.

"तुजंच बघ की. तू जगलीस न्हवं?"

जगली, खरं आहे. आधीची भावंडं गेली म्हणून आईनं तिला शेजारणीला सूपभर कोंड्याला विकली, परत घेतली आणि नाव ठेवलं कडू. त्या नावानं जीव वाचवला आणि जन्मभर वाटोळं केलं. साखरपुड्यात साखर वाटायला ती पुढं झाली, की कुणीतरी हसत ताट काढून घ्यायचं. आया म्हणून याच दवाखान्यात लागली, तर कंपाउंडर रोज म्हणायचा, "आलं बघा कडू औषध." रोज तोच विनोद, आणि रोज तिनं हसायचं. पन्नाशी उलटली तरी तिला त्या हसण्याचा राग येई.

तिच्या मनात नाव ठरलेलं होतं. वॉर्डात एक जपानी सिस्टर होती, सुतेको. मिशनच्या कामासाठी आलेली, चाळिशी गाठलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. पाहुणे आले की डॉक्टर इंग्रजीत ओळख करून देत, "मिस सुतेको." पाहुण्या बायका म्हणत, किती गोड नाव! मेट्रनबाई तर ते एका फुलाचं नाव आहे म्हणून ठोकून देत. सिस्टर नुसती हसायची. ज्या नावाला कुणी दात काढत नाही असं नाव कडूबाईला पहिल्यांदाच भेटलं होतं.

दुपारी पट्ट्यांच्या घड्या घालताना तिनं विचारलं, "सिस्टर, तुमचं नाव माझ्या नातीला ठिवू का?"

सिस्टरचे हात थांबले. "नको, कडूबाई. अर्थ चांगला नाही."

"म्हंजी?"

"माझ्या आधी भाऊ झाले. सगळे मेले. मग आईने मला रस्त्यावर ठेवले. शेजारणीने उचलले, परत दिले. सुतेको. टाकलेली मुलगी."

कडूबाईनं हातातली पट्टी टोपलीत आपटली. "आगं आई! तिकडंबी त्येच?" तिला सिस्टरची दया आली नाही, संताप आला. समुद्रापलीकडून एक नाव शोधून आणावं, तर तिथंही सटवाई आधीच जाऊन बसलेली!

"लोक चिडवायचे?"

"गावात फार. इंग्रजीत कुणी चिडवत नाही. इंग्रजीत नावाचा अर्थ कुणी विचारत नाही, नुसती हाक मारतात." सिस्टर पुन्हा घडी घालू लागली. "म्हणून मी गावी जात नाही."

कडूबाईनं आपटलेली पट्टी टोपलीतून पुन्हा उचलली आणि म्हणाली, "मंग ह्येच नाव. सटवाईला समजंल, खर्ड्याला समजायचं न्हाई."

"कुणाला सांगू नका," सिस्टर म्हणाली.

बाराव्या दिवशी खर्ड्यात बारसं झालं. पोरीची आत्या रंगुबाई पाळण्यात वाकली, आणि कडूबाईनं सांगितलेलं नाव ऐकून तशीच थांबली. "आई, ह्ये कसलं नाव?"

"किरिस्ताव हाय," सूर्यभान उंबऱ्यातून ओरडला. "बाटलीस का काय? आर्थ सांग आधी."

"आर्थ न्हाई. नुसतं नाव हाय."

"मंग दगडीच ठिवा!"

"ठिवून तर बघा!" कडूबाई कडाडली. नवऱ्याशी ती संध्याकाळपर्यंत भांडली असती. पण मुक्तानं तिचा हात धरला.

"सासूबाई, ह्या नावानं माजी पोर जगंल न्हवं? खरं सांगा."

कडूबाईनं पाळण्याकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. तिचा नाइलाज झाला.

"टाकलेली पोर, आसा आर्थ हाय," ती म्हणाली. "जिचं नाव हाय ती जगली. चाळिशीची हाय."

मुक्ताला रडू फुटलं. किती दिवसांचं साठलेलं कोण जाणे. सूर्यभान तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "आसं बोल की! दगडीपरीस ह्ये ब्येस." रंगुबाईनं नाव कानात सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, घुगऱ्या वाटल्या.

दिवस मावळता शेजारची लंकाबाई घुगऱ्यांची वाटी परत करायला आली. दारातूनच तिनं हसत विचारलं, "काय गं, निजली का तुमची टाकलेली?"

घरात सगळे हसले. लंकाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. मुक्तासुद्धा हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा.

कडूबाईच्या हातात पाळण्याची दोरी होती.

"निजली," ती म्हणाली. "हळू बोल."