कढईच्या तळाची खरवड

बटाटे परतले की आमच्याकडे भांडण ठरलेलं. तळाला चिकटलेली खरवड कुणाची, यावरून. माझा नवरा शिंपी. कापड बेतताना चिंधी वाया जाऊ द्यायचा नाही, पण उलथनं हातात आलं की वाटणीबिटणी सगळी विसरायचा. "करपलीय गं, कडू लागेल तुला," हे म्हणायचे आणि कढई घेऊन बसायचे. कढई मी आधी गाठली तर मीही तेच म्हणायचे. दोघंही खोटारडे, आणि दोघांनाही ते पक्कं ठाऊक.

अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं गिळणं बिघडलं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं, चमच्याचमच्यानं भरवायचं. पातळ काही श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल, असं बजावलेलं. वाटलेलं जेवण बघून ते म्हणायचे, "हे कॉलरला लाव, कडक राहील." मी हसायचे आणि आत जाऊन डोळे पुसायचे.

आज तपासणी होती. गिळणं सुधारलं असेल तर साधं जेवण सुरू, नाहीतर पोटात नळी. निघताना मी बटाटे चिरून पाण्यात ठेवले होते. देवाला जरा दम दिल्यासारखंच म्हणा ना. वाटेत यांनी दोनदा विचारलं, "बटाटे आहेत ना घरात?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. घोट सरळ चुकीच्या वाटेनं जात होता.

"आता तोंडानं काही द्यायचं नाही. नळी बसवावी लागेल."

"एखादा घास? नुसता चवीपुरता?"

"एकही नाही, आजी."

चांगली बाई होती, तरी मला तिचा राग आला. राग काढायला दुसरं होतं कोण?

घरी आल्यावर मी बटाट्यांचं पातेलं उचललं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. खाटेवरून हाक आली.

"कढई ठेव."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?"

"मला नको." शब्द जड येत होते. "तू खा. इथं बसून. वासाला बंदी नाही ना?"

"माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"माझ्याही नाही," ते म्हणाले.

मी कढई ठेवली. बटाटे चुरचुरायला लागले तशी त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली. "हलवू नको," ते तिथून सांगत होते, "लागू दे जरा." मी लागू दिलं. मग सगळी खरवड ताटलीत काढून त्यांच्या उशाशी बसले आणि एक तुकडा तोंडात टाकला.

खोटं कशाला सांगू, अशी खरवड माझ्या हातून जन्मात झाली नव्हती. कडेनं कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ, मीठ अगदी बेताचं. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि मेली जीभ दुसरा तुकडा मागत होती. मला माझीच किळस आली, तरी दुसराही खाल्ला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कशी झालीय?"

"करपलीय," मी म्हणाले. "कडू लागतेय."

त्यांचा ओठ हलत होता त्या बाजूनं थोडा वर गेला.

"बरं," ते म्हणाले. "मग सगळी तूच खा."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं.