अकरा गळे

तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत एका संघात दहाच मुलं चालतात. माझ्या वस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून मुलं अकरा. जामखेडला आम्ही स्टेजवर चढलो तर संयोजक म्हणाले, "बाई, एक कमी करा." बोट दाखवलं ते पहिलीतल्या, सगळ्यांत लहान फलककडं. तिचा चेहरा एवढासा झाला.

माझं डोकंच फिरलं. "वर्षभर ऐकतेय, पट कमी, पट कमी, शाळा बंद करा. आणि आज जास्त झाली होय?"

"नियम म्हणजे नियम. स्टेजवर दहाच."

चौथीतल्या कैनातनं फलकचा हात धरला आणि दोघींनी खाली उडी मारली. "बाई, स्टेजवर दहा. खाली कितीबी चालतंय की!"

बाकीची नऊही धपाधप उतरली. मी पेटी घेऊन मातीत मांडी घातली आणि सूर धरला. मैदान दणाणलं. फलक सगळ्यांत मोठ्यानं गात होती, बेसूर आणि खुशीत.

संयोजकांनी 'थांबा' म्हणून घंटा बडवायला घेतली. पोरांनी त्या घंटेच्याच ठेक्यावर दुसरं कडवं उचललं.